जमिनीवर सांडलेला किरणोत्सार ड्रोन कसा शोधतात? फुकुशिमाच्या नकाशामागचं विज्ञान

११ मार्च २०११. जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ समुद्रात ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. पाठोपाठ त्सुनामी आली आणि फुकुशिमा दाईची अणुऊर्जा प्रकल्पाची वीज गेली. अणुभट्ट्या थंड ठेवणारी यंत्रणा बंद पडली. पुढच्या काही दिवसांत तीन भट्ट्यांमधलं इंधन वितळलं, हायड्रोजनचे स्फोट झाले आणि किरणोत्सारी पदार्थ हवेत मिसळले.

लोकांना वाचवायचं तर कुठून हलवायचं? सरकारने नकाशावर प्रकल्पाभोवती २० किलोमीटरचं वर्तुळ काढलं आणि आतल्या लोकांना बाहेर पडायला सांगितलं. २० ते ३० किलोमीटरच्या पट्ट्यातल्या लोकांना घरातच थांबायला सांगितलं. कंपासने काढलेलं वर्तुळ समजायला सोपं असतं. पण वारा वर्तुळ पाहून वाहत नाही.

१५ मार्चला वारा वायव्येकडे वळला आणि त्याच भागात पाऊस आणि बर्फ पडला. हवेतले किरणोत्सारी कण पावसाबरोबर खाली आले आणि जमिनीला चिकटले. प्रकल्पापासून ३० किलोमीटरहून दूर असलेलं, सहा हजारांवर वस्तीचं इताते हे गाव त्या पट्ट्यात सापडलं. तिथल्या लोकांना गाव सोडायला सांगेपर्यंत एप्रिल संपत आला होता. नामिए गावातल्या लोकांचं तर आणखीच विचित्र झालं. प्रकल्पाजवळचं घर सोडून त्यांच्यापैकी अनेकजण वायव्येला त्सुशिमा भागात आसऱ्याला गेले. नंतर कळलं की सर्वात जास्त किरणोत्सार पडलेल्या भागांपैकी तो एक होता. म्हणजे लोक सुरक्षित जागा समजून नेमके धोक्याच्या दिशेने गेले होते.

अणुअपघातानंतर जमिनीवर नेमकं कुठे किती सांडलंय, हे दाखवणारा नकाशा का लागतो, ते या एका उदाहरणावरून कळतं. असा नकाशा बनवायच्या कामात गेल्या दशकभरात ड्रोनने मोठी जागा मिळवली आहे. हे ड्रोन काय करतात, त्यांना न दिसणारी गोष्ट कशी दिसते आणि त्यांच्या नकाशावर किती विश्वास ठेवायचा, ते पाहूया.

नकाशा नेमका कशाचा असतो?

अणुभट्टीतून बाहेर पडणाऱ्या पदार्थांची यादी लांबलचक आहे. पण त्यातले बरेचसे लवकर नाहीसे होतात. उदाहरणार्थ, आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य आठ दिवसांचं आहे. म्हणजे दर आठ दिवसांनी त्याचं प्रमाण निम्मं होत जातं. पहिल्या काही आठवड्यांत तो थायरॉईडसाठी धोकादायक असतो, पण काही महिन्यांत जवळजवळ उरत नाही.

खरी डोकेदुखी असते सीझियमची. फुकुशिमातून सीझियम-१३४ आणि सीझियम-१३७ हे दोन प्रकार साधारण सारख्या प्रमाणात बाहेर पडले. पहिल्याचं अर्धायुष्य सुमारे दोन वर्षांचं, दुसऱ्याचं सुमारे ३० वर्षांचं. दहा वर्षांनंतर सीझियम-१३४ मूळ प्रमाणाच्या चारेक टक्क्यांहूनही कमी उरतो, तर सीझियम-१३७ जवळपास ८० टक्के शिल्लक असतो. सीझियम मातीतल्या चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटून बसतो, त्यामुळे तो पाण्याबरोबर सहज झिरपून जात नाही. वरच्या काही सेंटीमीटर मातीतच मुक्काम ठोकतो.

सीझियममधून गॅमा किरण बाहेर पडतात. अल्फा कण हवेत काही सेंटीमीटरच जातात, बीटा कण फार तर काही मीटर. गॅमा किरण मात्र हवेतून शेकडो मीटर जाऊ शकतात. सीझियम-१३७ च्या गॅमा किरणांची तीव्रता निम्मी करायला साधारण ७५ मीटर जाडीची हवा लागते. हवेत उडणाऱ्या यंत्राला जमिनीवरचा सीझियम ‘दिसतो’ तो यामुळेच.

विमान, माणूस आणि मधला ड्रोन

हवेतून किरणोत्सार मोजणं ही काही नवी कल्पना नाही. युरेनियमचे साठे शोधण्यासाठी अनेक देश कित्येक दशकांपासून विमानांना गॅमा किरण मोजणारी उपकरणं लावून सर्वेक्षण करत आले आहेत. फुकुशिमाच्या अपघातानंतरही अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची विमानं आणि जपानी हेलिकॉप्टरं कामाला लागली. वायव्येला पसरलेला तो लांब पट्टा नकाशावर ठळकपणे दिसला तो याच उड्डाणांमुळे.

मग ड्रोन कशाला? कारण उंचीबरोबर बारकावा हरवतो. ३०० मीटरवरून उडणाऱ्या हेलिकॉप्टरच्या उपकरणाला खालच्या साधारण ३०० मीटर त्रिज्येच्या जमिनीतून येणारे किरण एकत्रच मिळतात. त्या वर्तुळात शाळा, भातशेत, ओढा आणि डोंगरउतार असं सगळं असलं तरी मिळतो एकच सरासरी आकडा. जिल्ह्याचा अंदाज घ्यायला तो पुरतो. शाळेच्या मैदानाचा कोणता कोपरा साफ करायचा, हे मात्र त्यावरून ठरवता येत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे माणसांनी हातात यंत्र घेऊन चालत जाणं. यात बारकावा उत्तम मिळतो, पण काम संथ होतं. शिवाय मोजणारा माणूस स्वतः किरणोत्सार झेलत असतो. घनदाट जंगल, कडे, कोसळलेल्या इमारतींची छपरं अशा ठिकाणी तर पायी पोचताही येत नाही.

ड्रोन या दोघांच्या मधला आहे. तो पाच-दहा मीटरवरूनही उडू शकतो आणि शंभर मीटरवरूनही. चालवणारा माणूस दूर सुरक्षित जागी उभा राहतो. ड्रोन ठरलेल्या रेषेवरून, ठरलेल्या वेगाने, पुन्हा पुन्हा तोच मार्ग कापू शकतो. चार महिन्यांनी त्याच मार्गावरून उडवला तर काय बदललं तेही कळतं.

माणसाला लांब ठेवण्याची किंमत चेर्नोबिलने दाखवून दिली होती. २६ एप्रिल १९८६ च्या स्फोटानंतर सोव्हिएत वैमानिकांनी उघड्या पडलेल्या अणुभट्टीवर हेलिकॉप्टरं नेऊन वाळू, शिसं आणि बोरॉन टाकलं आणि त्यात भरपूर किरणोत्सार अंगावर घेतला. २ ऑक्टोबर १९८६ ला तिथेच एका हेलिकॉप्टरचं पातं क्रेनच्या दोराला लागलं आणि त्यातले चारही जण मरण पावले. अशा जागी यंत्र पाठवता आलं तर माणूस का पाठवायचा, हा साधा हिशोब आहे.

न दिसणारी गोष्ट ड्रोनला कशी दिसते?

ड्रोन स्वतः काही मोजत नाही. तो फक्त वाहन आहे. मोजतो तो त्याच्या पोटाला बांधलेला डिटेक्टर. तो साधारण तीन प्रकारचा असतो.

पहिला, सगळ्यांना ऐकून माहीत असलेला गायगर काउंटर. वायूने भरलेल्या नळीतून किरण गेला की विजेचा ठोका मिळतो. हा स्वस्त आणि दणकट असतो. पण किरण आला एवढंच तो सांगतो, कोणत्या पदार्थाकडून आला ते सांगत नाही.

दुसरा, चमकणाऱ्या स्फटिकाचा. सोडियम आयोडाइड, सीझियम आयोडाइड किंवा लॅन्थनम ब्रोमाइडच्या स्फटिकावर गॅमा किरण आदळला की प्रकाशाची अतिसूक्ष्म ठिणगी पडते. किरणाची ऊर्जा जितकी जास्त तितकी ठिणगी मोठी. ती मोजली की किरणाची ऊर्जाही कळते.

तिसरा, अर्धवाहकाचा. कॅडमियम, झिंक आणि टेल्युरियम यांच्या संयुगाचा जेमतेम एक घन सेंटीमीटरचा तुकडा गॅमा किरणाचं थेट विजेच्या स्पंदात रूपांतर करतो. त्याला थंड ठेवावं लागत नाही आणि वजनही नगण्य. त्यामुळे छोट्या ड्रोनसाठी तो फार सोयीचा ठरला.

ऊर्जा कळण्याचा फायदा काय? प्रत्येक किरणोत्सारी पदार्थाची स्वतःची ऊर्जेची ‘सही’ असते. सीझियम-१३७ ची सही ६६२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टवर दिसते. कोबाल्ट-६० च्या दोन सह्या ११७३ आणि १३३२ वर. आपल्या मातीत, विटांत, केळ्यातही असणाऱ्या पोटॅशियम-४० ची सही १४६० वर. थोरियमच्या मालिकेची २६१४ वर.

हा फरक फार महत्त्वाचा आहे. केरळच्या करुनागप्पल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू आहे, तिच्यात थोरियम असतं. तिथे साधा काउंटर नेला तर आकडा चढा दिसेल आणि कुणीतरी ‘गळती’ची बातमी सोडून देईल. ऊर्जा ओळखणारा डिटेक्टर मात्र लगेच दाखवेल की हे निसर्गातलं थोरियम आहे, भट्टीतला सीझियम नाही.

आकड्यांपासून रंगीत नकाशापर्यंत

ड्रोन उडवला आणि नकाशा तयार झाला, इतकं हे सोपं नसतं. मध्ये बऱ्याच पायऱ्या असतात.

१. मार्ग आखणं. शेतकरी नांगर फिरवतो तसा ड्रोन समांतर ओळींत पुढे-मागे जातो. दोन ओळींतलं अंतर साधारण उडण्याच्या उंचीइतकं ठेवतात. त्याहून जास्त ठेवलं तर मधली जमीन नीट मोजली जात नाही.

२. मोजणं. डिटेक्टर दर सेकंदाला किती किरण टिपले ते नोंदवतो. त्याच क्षणी जीपीएस जागा सांगतं आणि लेझर जमिनीपासूनची उंची मोजतो. ड्रोन सेकंदाला पाच मीटर जात असेल तर प्रत्येक नोंद पाच मीटरच्या तुकड्याची असते.

३. पार्श्वभूमी वजा करणं. अवकाशातून येणारे किरण, हवेतला रेडॉन वायू आणि मातीतली नैसर्गिक खनिजं यांचाही वाटा आकड्यात असतो. तो काढून टाकावा लागतो.

४. उंचीची दुरुस्ती. एका ठिपक्याएवढ्या स्रोतापासून अंतर दुप्पट झालं की तीव्रता एक चतुर्थांश होते. समजा ड्रोन पाच मीटरवर आहे असं धरलं आणि तो खरं तर चार मीटरवर होता, तर आकडा दीडपटीहून जास्त येईल. तीच एक मीटरची चूक ५० मीटरवर झाली तर फरक चार टक्क्यांचा पडतो. म्हणून जितकं खाली उडायचं तितकी उंची अचूक माहीत हवी. डोंगराळ भागात तर आधी जमिनीच्या चढउतारांचा त्रिमितीय आराखडा बनवून घेतात.

५. जमिनीशी ताळमेळ. शेवटी काही निवडक ठिकाणी माणसं जाऊन जमिनीपासून एक मीटर उंचीवर हातातल्या यंत्राने मोजतात. ड्रोनचा आकडा आणि हा आकडा जुळवून मग ‘सेकंदाला इतके काउंट म्हणजे तासाला इतके मायक्रोसिव्हर्ट’ असं कोष्टक ठरतं. ही पायरी गाळली तर नकाशा दिसायला सुंदर, पण भरवशाचा नसतो.

६. मधल्या जागा भरणं. ओळींच्या मध्ये जिथे मोजलेलं नाही तिथे आजूबाजूच्या नोंदींवरून गणिताने अंदाज भरला जातो. मग रंग दिले जातात.

यात नशिबाचाही भाग असतो. किरण घड्याळाच्या ठोक्यासारखे ठरावीक अंतराने येत नाहीत, ते यदृच्छेने येतात. १०० किरण मोजले तर त्यात साधारण १० ची, म्हणजे १० टक्क्यांची अनिश्चितता असते. १०,००० मोजले तर १०० ची, म्हणजे फक्त एक टक्क्याची. नेमका नकाशा हवा तर सावकाश उडावं लागतं किंवा मोठा डिटेक्टर न्यावा लागतो. सावकाश उडलं तर बॅटरी संपते, मोठा डिटेक्टर लावला तर वजन वाढून पुन्हा बॅटरीच संपते. ड्रोनच्या प्रत्येक मोहिमेत ही ओढाताण असतेच.

०.२३ आणि ३.८: दोन आकडे, हजारो घरं

या नकाशावरचे आकडे फक्त शास्त्रज्ञांसाठी नसतात. जपानमध्ये त्यावरून लोकांची घरं, शेतं आणि शाळा यांचा निर्णय झाला.

गृहीत असं धरलं गेलं की माणूस दिवसात आठ तास घराबाहेर आणि सोळा तास घरात असतो, आणि लाकडी घराच्या आत बाहेरच्या ४० टक्के किरणोत्सार पोचतो. आता बाहेर तासाला ३.८ मायक्रोसिव्हर्ट असेल तर वर्षाला किती? आठ तास पूर्ण, अधिक सोळा तासांचे ४० टक्के, म्हणजे एकूण १४.४ तासांचा डोस. ३.८ गुणिले १४.४ गुणिले ३६५ केलं की साधारण २० मिलिसिव्हर्ट येतात. वर्षाला २० मिलिसिव्हर्ट ही लोकांना हलवण्याची पातळी ठरली होती.

सफाईचं दूरचं उद्दिष्ट होतं वर्षाला एक मिलिसिव्हर्ट जादा डोस. त्याच गणिताने तासाला ०.१९ मायक्रोसिव्हर्ट येतात. त्यात निसर्गातून जमिनीतून येणारे ०.०४ मिळवले की ०.२३. फुकुशिमातल्या कितीतरी कुटुंबांना हा आकडा तोंडपाठ झाला.

तुलनेसाठी, जगातला सरासरी माणूस निसर्गातूनच वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट घेत असतो. त्यात जमीन, अन्न, अवकाशातले किरण आणि रेडॉन असं सगळं आलं.

नकाशाची रेषा दहा मीटर इकडे की तिकडे, यावर एखाद्या घराला परतीची परवानगी मिळणार की नाही हे ठरू शकतं. मग ३०० मीटरच्या सरासरीपेक्षा बारीक नकाशा का हवा, ते वेगळं सांगायला नको.

फुकुशिमात काय केलं?

जपानकडे एक तयार साधन होतं. भातशेतीवर औषध फवारण्यासाठी तिथे यामाहा कंपनीचं आरमॅक्स नावाचं मानवरहित हेलिकॉप्टर वापरलं जातं. जपानच्या अणुऊर्जा संस्थेने त्याच्या स्वयंचलित आवृत्तीला लॅन्थनम ब्रोमाइडचे डिटेक्टर बांधले. ९४ किलोचं हे यंत्र सुमारे १० किलो भार घेऊन दीड तास उडू शकतं. २०१२ पासून प्रकल्पाच्या आसपासच्या पाच किलोमीटरच्या परिसरावर त्याच्या ठराविक काळाने फेऱ्या झाल्या. उंची साधारण ८० मीटर. दूर जंगलांवरून उडण्यासाठी जपानच्या अवकाश संस्थेच्या मदतीने पंखांचं मानवरहित विमानही तयार झालं.

ब्रिटनमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी दुसरं टोक गाठलं. सहा पंख्यांच्या छोट्या ड्रोनवर बोटाएवढा अर्धवाहक डिटेक्टर बसवून त्यांनी अगदी कमी उंचीवरून फुकुशिमात मोजमाप केलं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनेही फुकुशिमा प्रांताबरोबर ड्रोनवरच्या मोजमापाची पद्धत विकसित केली आणि नंतर ती इतर देशांसाठी खुली केली.

अशा बारीक नकाशांनी सीझियमचा प्रवास दाखवला. पुरात नदीबरोबर वाहून आलेला गाळ काठावर साचतो आणि तिथे सीझियमही जमतो. छपरावरचं पाणी जिथे पडतं तो पन्हाळीखालचा कोपरा, गटारं, झाडांच्या बुंध्याभोवतीची जागा इथे आकडा चढतो. फुकुशिमा प्रांताचा सुमारे ७० टक्के भाग जंगल आहे आणि जंगलाची सफाई बहुतांश ठिकाणी वस्तीलगतच्या २० मीटर पट्ट्यापुरतीच झाली. बाकीचं जंगल तसंच राहिलं. त्यामुळे तिथून काही खाली वस्तीकडे येतंय का, हे पाहण्यासाठी वारंवार मोजत राहणं हाच मार्ग उरतो. आज प्रांताच्या साधारण दोन टक्के क्षेत्रावर राहण्याची बंदी कायम आहे.

चेर्नोबिलचं लाल जंगल

चेर्नोबिलच्या अणुभट्टीजवळ पाइनचं एक जंगल होतं. स्फोटानंतर किरणोत्साराने झाडं मेली आणि त्यांचा रंग तांबूस झाला, म्हणून त्याला ‘लाल जंगल’ नाव पडलं. नंतर बरीच झाडं पाडून तिथेच चर खणून पुरली गेली. जगातल्या सर्वात किरणोत्सारी जंगलांपैकी हे एक.

एप्रिल २०१९ मध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी युक्रेनच्या अधिकाऱ्यांबरोबर या जंगलावर ड्रोन उडवले. आधी पंखांच्या ड्रोनने मोठा परिसर झरझर पालथा घातला. मग जिथे आकडा वाढलेला दिसला तिथे पंख्यांचे ड्रोन खाली नेऊन बारकाईने मोजलं. या मोहिमेत आधीच्या नोंदींमध्ये नसलेले काही तीव्र ठिपकेही सापडले. अपघाताला ३३ वर्षं होऊन गेली होती, तरी नकाशा पूर्ण नव्हता.

ड्रोनला काय जमत नाही?

अल्फा आणि बीटा दिसत नाहीत. प्लुटोनियम मुख्यतः अल्फा कण सोडतो, स्ट्रॉन्शियम-९० बीटा. ते वरून मोजता येत नाहीत. त्यासाठी मातीचे नमुने प्रयोगशाळेत न्यावेच लागतात. नकाशा ‘हिरवा’ आहे म्हणजे जमिनीत काहीच नाही, असा अर्थ निघत नाही.

खोल गेलेलं लपतं. वर बर्फाचा थर असेल, माती ओली असेल किंवा सीझियम खाली मुरला असेल तर गॅमा किरण अडतात आणि आकडा कमी दिसतो. म्हणून एकाच जागेचा पावसाळ्यातला आणि उन्हाळ्यातला नकाशा वेगळा येऊ शकतो.

वारा, पाऊस आणि बॅटरी. बॅटरीवरचा पंख्यांचा ड्रोन साधारण अर्धा तास टिकतो. मोठं क्षेत्र असेल तर डझनावारी उड्डाणं लागतात.

धूळ. पंख्यांच्या झोताने किरणोत्सारी माती उडू शकते आणि ड्रोनच दूषित होऊ शकतो. मग त्याचा डिटेक्टर स्वतःवरचीच धूळ मोजत बसतो. म्हणून खूप खाली उडणं टाळतात, स्वच्छ चादरीवर उतरवतात आणि प्रत्येक फेरीनंतर पुसून तपासतात.

प्रत्येक कामाला ड्रोनच हवा असंही नाही. जानेवारी २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात सीझियम-१३७ ची आठ मिलिमीटर लांब कुपी ट्रकमधून रस्त्यात पडली. शोधायचा होता सुमारे १,४०० किलोमीटरचा रस्ता. ती सापडली ताशी ७० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या, डिटेक्टर लावलेल्या गाडीला, रस्त्याच्या कडेपासून दोन मीटरवर. शोध रस्त्यालगतच असेल तर गाडी भारी पडते.

भारतात काय आहे?

भारताला हवाई गॅमा सर्वेक्षणाचा अनुभव आहे. अणुखनिज संचालनालय युरेनियमच्या शोधासाठी अशी सर्वेक्षणं करत आलं आहे. मुंबईतल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने आपत्तीच्या वेळी हवेतून मोजण्याची गॅमा स्पेक्ट्रोमेट्री यंत्रणा विकसित केली आहे. देशभर किरणोत्सार सतत मोजणाऱ्या केंद्रांचं जाळंही याच संस्थेने उभारलं.

महाराष्ट्राचा या विषयाशी थेट संबंध आहे. पालघर जिल्ह्यातलं तारापूर हे देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ पासून आहे आणि त्याच्या पहिल्या दोन भट्ट्या फुकुशिमासारख्याच, पाणी उकळून वाफ करणाऱ्या प्रकारातल्या आहेत. फुकुशिमानंतर देशातल्या सर्व अणुवीज केंद्रांच्या सुरक्षेचा फेरआढावा घेतला गेला.

आणि धोका फक्त अणुभट्टीचाच असतो असं नाही. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० असलेलं जुनं प्रयोगशाळेतलं यंत्र पोचलं. ते उघडलं गेलं, अनेकांना किरणोत्साराची बाधा झाली आणि एक कामगार मरण पावला. अशा गजबजलेल्या गल्लीत तुकडे कुठे कुठे पसरले हे शोधताना दुरून मोजणाऱ्या यंत्रांचं मोल कळतं.

मात्र कुणीही उठून ड्रोनला डिटेक्टर बांधून अणुकेंद्रावर उडवू शकत नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार देशाचं आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल विभागांत वाटलेलं आहे. लाल विभागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही.

मोबाईलवर आलेला ‘किरणोत्साराचा नकाशा’ कसा वाचायचा?

फुकुशिमानंतर प्रशांत महासागरभर लाल-जांभळे पट्टे दाखवणारा एक नकाशा जगभर फिरला. ‘बघा, किरणोत्सार अमेरिकेपर्यंत पोचला’ असं त्यावर लिहिलेलं असायचं. प्रत्यक्षात तो अमेरिकेच्या सागरी संस्थेने काढलेला त्सुनामीच्या लाटांच्या उंचीचा नकाशा होता. किरणोत्साराशी त्याचा काही संबंध नव्हता.

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी पाकिस्तानात अणुगळती झाल्याच्या पोस्ट धडाधड फिरल्या. किरणोत्सार मोजणारं अमेरिकी विमान आल्याची चर्चाही रंगली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने मात्र पाकिस्तानातल्या कोणत्याही अणुकेंद्रातून गळती झालेली नाही, असं स्पष्ट केलं.

म्हणून असा नकाशा पुढे पाठवण्याआधी पाच गोष्टी पाहाव्यात.

• एकक आहे का? तासाला मायक्रोसिव्हर्ट, चौरस मीटरला बेकरेल असं काहीतरी लिहिलेलं हवं. एककाशिवायचा लाल रंग म्हणजे फक्त लाल रंग.
• रंगांची पट्टी काय सांगते? एका नकाशात लाल म्हणजे ०.३ असू शकतं, दुसऱ्यात ३०. रंग सारखा, अर्थ शंभरपट वेगळा.
• तारीख कोणती? सीझियम-१३४ दोन वर्षांत निम्मा होतो. २०११ चा नकाशा आजची परिस्थिती सांगत नाही.
• मोजलेलं आहे की अंदाज? वारा कुठे नेईल याचं संगणकाने केलेलं भाकीत आणि जमिनीवर प्रत्यक्ष मोजलेला आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
• कुणी मोजलं आणि किती उंचीवरून? मोजमाप करणारी संस्था, पद्धत आणि जमिनीवरच्या तपासणीचा उल्लेख असेल तर विश्वास वाढतो.

थोडक्यात

ड्रोन किरणोत्सार कमी करत नाही, जमीन साफही करत नाही. तो फक्त कुठे किती आहे ते सांगतो, तेही माणसाला धोक्यात न घालता. पण संकटाच्या पहिल्या तासांत ‘कुठे किती’ या दोन शब्दांवरच बाकी सगळं ठरतं. कोणत्या गावाला हलवायचं, कोणत्या दिशेने न्यायचं, कुणाला घरातच थांबायला सांगायचं आणि वर्षानुवर्षांनी कुणाला परत बोलवायचं. त्सुशिमाला पोचलेल्या नामिएच्या लोकांच्या हातात तेव्हा असा नकाशा असता, तर त्यांनी वाट बदलली असती.